वाफसा बघून जीप काढा

प्रश्न : नमस्कार. मी केज तालुक्यातला, वय ३१. दिवाळीत ओळखीच्या माणसाकडून १९९६ ची महिंद्रा एमएम ५४० घेतली. डिझेल, फोर बाय फोर. वडिलांकडं पूर्वी अशीच जीप होती, त्यामुळं लहानपणापासूनची हौस. सुट्टीच्या दिवशी दोघा-तिघा मित्रांना घेऊन बालाघाटच्या डोंगरातल्या गाडीवाटा, माळरानं, नदीकाठ असं फिरायचंय. शेतावर जायलाही कामाला येईल. गॅरेजवाल्यानं यादी दिली आहे : गाडी चार इंच उचलणे, मोठे मड टायर, विंच (अडकलेली गाडी दोरानं ओढून काढायचं यंत्र), लोखंडी बंपर, वर एलईडी बार. यादी अडीच लाखांची, माझ्याकडं सव्वा लाख आहेत. यातलं आधी काय करू आणि काय सोडू? आई म्हणते, ही गाडी पलटी खाणार. बाकी गाडी ठणठणीत आहे. साठच्या वर गेलं की स्टिअरिंग थरथरतं, एवढी एकच तक्रार.

उत्तर : नमस्कार. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही सगळ्यात शेवटी लिहिलंत, आणि तेही ‘एवढी एकच तक्रार’ म्हणून. माझ्या दृष्टीनं तुमचं पत्र तिथूनच सुरू होतं. ज्या गाडीचं स्टिअरिंग थरथरतं, ती गाडी चार इंच वर उचलायची आणि तिला जड टायर लावायचे, ही यादी देणाऱ्यानं गाडीखाली डोकं घातलेलं नाही. आईंचं म्हणणं मला पटतं, फक्त कारण वेगळं आहे. ते पुढं सांगतो.

पहिल्या रविवारी एक रुपया खर्च न करता एवढं करा. गाडी सपाट जागी लावा, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा आणि पुढचं एक चाक जॅकवर घ्या. एक हात चाकाच्या माथ्यावर, एक तळाशी धरा आणि वरचा ओढा, खालचा ढकला. खडखड लागली तर मित्राला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर खडखड गेली, तर दोष व्हील बेअरिंगचा. ब्रेक दाबूनही राहिली, तर किंगपिन, म्हणजे ज्या खुंट्यांवर पुढचं चाक वळतं त्या. मग हात डाव्या-उजव्या बाजूला धरून हलवा. इथं खेळ लागला तर टाय रॉडचे एंड आणि ड्रॅग लिंक, म्हणजे स्टिअरिंगची ओढ चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्या, बघायच्या. नंतर चाक खाली घ्या, मित्राला स्टिअरिंगवर बसवून चार बोटं डावीकडं, चार बोटं उजवीकडं असं नुसतं हलवायला सांगा आणि तुम्ही पोत्यावर आडवं होऊन खालून बघा. हालचाल स्टिअरिंग बॉक्समधून निघते आणि चाकापर्यंत पोचायच्या आत कुठंतरी हरवते. ज्या जोडावर एक बाजू हलते आणि दुसरी हलत नाही, तो जोड गेलेला. याला कुठलं मशीन लागत नाही. डोळे लागतात आणि थोडी लाज सोडावी लागते, कारण गल्लीतली पोरं जमतातच.

तेवढ्यात पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्यांचे, बुश आणि यू-बोल्टही बघून घ्या. शॅकलचा, म्हणजे पाटा चासीला टांगणाऱ्या कडीचा, बुश खाल्लेला असेल तर अख्खा ॲक्सल पाट्यासकट इकडंतिकडं सरकतो, आणि आपण मात्र स्टिअरिंगला बोल लावत बसतो. थरथर निव्वळ टायर वेडावाकडा झाल्यानं किंवा बॅलन्सिंग नसल्यानंही येते. ती सगळ्यात स्वस्त, म्हणून आधी तीच तपासा. आणि एक इशारा : काही मिस्त्री स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळून ‘प्ले काढला’ म्हणतात. जास्त आवळला की स्टिअरिंग जड होतं, वळणानंतर आपोआप सरळ येत नाही, आणि मूळ रोग खाली तसाच राहतो.

आता यादीतली पहिली ओळ, चार इंच. तुमच्या जीपला चारी बाजूंना पाटे आहेत. पाट्यावरची गाडी उचलायचे आपल्याकडं दोनच धंदे चालतात : लांब शॅकल घालणं, नाहीतर पाटा ॲक्सलच्या वर नेणं. लांब शॅकलनं पुढचा ॲक्सल फिरतो, किंगपिनचा कल बिघडतो आणि गाडी सरळ रस्त्यावर पिल्यासारखी चालते. पाटा वर नेला की ड्रॅग लिंक तिरपी होते, खड्ड्यात चाक खालीवर झालं की स्टिअरिंग हातातून स्वतःहून फिरतं. ॲक्सलला ताकद पोचवणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टचा कोन वाढतो, त्याचे क्रॉस (सांधे) लवकर जातात. ब्रेकचे रबरी होज ताणले जातात. आणि गाडी पलटी खाण्याचं मी म्हणालो ते कारण हेच : ही गाडी मुळात अरुंद आणि उंच. तिचा भार तुम्ही वर नेला की आडव्या उतारावर ती आधी कलते आणि मग विचारते. छतावर कॅरिअर, कॅरिअरवर डिझेलचा कॅन आणि स्टेपनी, हा प्रकार मी माळावर बघितलाय. फोटोला झकास दिसतो.

उंचीच्या जागी पाटे काढून पाटेवाल्याकडं न्या. तीसेक वर्षांत कमान बसलेलीच असते, बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या बाजूची जास्त. तडा गेलेला पाटा बदला, दोन्ही बाजूंची कमान सारखी मारून घ्या, सेंटर बोल्ट, बुश, यू-बोल्ट नवे घाला, शॉकअप बदला. बसलेली कमान परत आली की गाडी इंचभर तरी आपोआप वर येते, आणि ती उंची कंपनीनंच दिलेली असल्यामुळं कुठलाही कोन बिघडत नाही. यू-बोल्ट शे-दोनशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा आवळा. हे काम कुणी सांगत नाही आणि कुणी करतही नाही.

आता फोर बाय फोर. तुमच्या गाडीला पुढं ताकद जाते का, हे तुम्ही बघितलंय का? विचारतो याचं कारण आपल्या भागात जुन्या जीपचा पुढचा प्रॉपेलर शाफ्ट काढून घरात ठेवायची रीत होती. डिझेल वाचतं म्हणून. गाडी दोन-तीन हातांतून जाते, शाफ्ट पहिल्याच्या माळ्यावर राहतो, आणि लिव्हर मात्र केबिनमध्ये दिमाखात उभा असतो. शाफ्ट जागेवर असला तरी तपासा : मागच्या चाकांना दगड, हबला लॉक असतील तर लॉक लावलेले, ट्रान्सफरचा (पुढं-मागं ताकद वाटणाऱ्या पेटीचा) लिव्हर फोर व्हीलवर, गाडी पहिल्या गिअरमध्ये, इंजिन बंद. पुढचं एक चाक जॅकवर उचला आणि हातानं फिरवा. चाक अडलं तर सगळं जोडलेलं आहे. मोकळं गरगर फिरलं तर मधे कुठंतरी तुटलंय. दुसऱ्या चाकालाही हेच करा.

आणि ते जोडलेलं निघालं तर डांबरी रस्त्यावर लावू नका. या गाडीला पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या मधे डिफरन्शियल, म्हणजे वेगातला फरक सोसणारी गिअरची जोडणी, नाही. वळणावर पुढची चाकं मागच्यापेक्षा जास्त अंतर जातात. मुरमावर तो फरक चाक घसरून निघून जातो, कोरड्या डांबरावर निघायला जागा नसते, म्हणून सगळा पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साचतो. मग लिव्हर निघता निघत नाही आणि लोक हातोडी मागतात. हातोडी नको. गाडी सरळ करून दोन हात रिव्हर्स घ्या, पीळ सुटतो, लिव्हर लोण्यासारखा येतो.

ऑइल सगळी बदला : इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर, दोन्ही हौसिंग (ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या पेट्या). पुढच्या हौसिंगचं ऑइल गाडी घेतल्यापासून कुणी बघितलेलं नसेल, पैज लावतो. काढलेलं ऑइल पांढऱ्या डब्यात घ्या. काळं असेल तर वयाचं. चहासारखं दुधाळ असेल तर पाणी गेलंय, सील बघावी लागेल. चमचमणारा लोखंडाचा कीस दिसला तर आतले गिअर (क्राऊन-पिनियन) किंवा बेअरिंग झिजतंय. ब्रेकचं म्हणाल तर चारही चाकं उघडा, व्हील सिलिंडर पाझरतात का बघा, ब्रेक ऑइल पूर्ण नवं घाला. यावर चर्चा नको. ब्रेकचं काम होईपर्यंत घाट उतरायचा नाही.

रेडिएटरबद्दल मात्र थोडं सविस्तर, कारण इथं आपल्या मुलखाचा वेगळा त्रास आहे. मराठवाड्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि डोंगरवाटेवर गाडी लो गिअरमध्ये माणसाच्या चालीनं चालते, म्हणजे समोरून वारा नाहीच. सगळी भिस्त पंख्यावर. त्यात वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतलेलं. तुमच्या घरच्या बादलीच्या कडेला जो पांढरा क्षार जमतो, तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनच्या जॅकेटमध्ये जमलेला असतो. रेडिएटर उतरवून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) करून घ्या, होजपाइप नवे घाला, आणि पुढं कूलंट डिस्टिल्ड पाण्यातच मिसळा. मिस्त्रीनं थर्मोस्टॅट काढून फेकलेला असेल तर नवा बसवा. ‘आपल्याकडं गरमी आहे, त्याची गरज नाही’ हे बोलणं तुम्ही ऐकालच. थंडीत इंजिन तापायलाच वेळ लागतो, डिझेल नीट जळत नाही, धूर होतो. सोयाबीनची मळणी चालू असलेल्या रस्त्यानं गेलात तर घरी आल्यावर जाळीत भुसा अडकलेला बघा. पाणी इंजिनच्या बाजूनं पुढं मारा, समोरून मारलं तर कचरा आत ठासतो.

टायर. आकार कंपनीचाच ठेवा. मोठा टायर मडगार्डला घासतो, गिअरिंग जड करतो, स्पीडोमीटर खोटं बोलतो आणि वर सांगितलेल्या त्या बिचाऱ्या बेअरिंगांवर भार टाकतो. डोंगरातल्या मुरमासाठी आणि दगडासाठी ऑल टेरेन नक्षी पुरते. जुने घेणार असाल तर टायरच्या भिंतीवर चार आकडे शोधा : ३५१९ म्हणजे २०१९ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी भरगच्च आणि रबर म्हातारं, असे टायर बाजारात ढिगानं मिळतात. भिंतीवर नख लावून बघा, बारीक भेगा दिसल्या तर सोडून द्या.

आपल्याकडं टायरचा खरा शत्रू दगड नाही, काटा आहे. वेड्या बाभळीनं माळ, ओढे, तलावाच्या कडा सगळं व्यापलंय. तिचा काटा नक्षीतून जातोच, पण वाटेच्या कडेला तोडून टाकलेल्या फांदीवर चाक गेलं तर भिंतीतून जातो. दोन जादा ट्यूब, पॅचचं सामान, टायर काढायच्या दोन पट्ट्या आणि पायपंप हे गाडीत असलंच पाहिजे. आणि पंक्चर काढणं घरी अंगणात एकदा स्वतः करून बघा. माळावर पहिल्यांदा शिकायचं म्हणजे हाल.

हवा कमी करायचा सल्लाही तुम्हाला मित्र देतील. सल्ला बरोबर आहे, मऊ जमिनीवर टायर पसरतो आणि पकड वाढते. पण तुमचे टायर ट्यूबवाले असतील. वीस पीएसआयच्या खाली उतरलात तर टायर रिमवर सरकतो, ट्यूब त्याच्याबरोबर ओढली जाते आणि वॉल्व्ह मुळापासून तुटतो. म्हणून वीस-बावीसवर थांबा, आणि डांबरावर यायच्या आधी पुन्हा भरा. पायपंपानं चार टायर भरताना जी दमछाक होते, ती झाल्यावर माणूस उगाच हवा सोडत नाही.

आता मातीकडं येतो. मला मुळात एवढंच सांगायचं होतं, बाकीचं त्यासाठी. तुमचा तालुका नशीबवान आहे. केज, धारूर, अंबाजोगाई, पाटोदा हा बालाघाटचा पठारी भाग. वर हलकी जमीन, मुरूम, खाली काळा खडक. पाऊस थांबून दोन दिवस ऊन पडलं की या वाटा चालण्याजोग्या होतात. धारूरचा घाट उतरून माजलगावकडं गेलात की गोदावरीच्या खोऱ्यातली काळी, भारी जमीन लागते. तीच गाडी, तेच टायर, तोच ड्रायव्हर, आणि तासाभराच्या अंतरावर सगळा हिशेब उलटा. मांजरेच्या काठानं धनेगावच्या धरणाकडं गेलात तरी तेच. काळी माती पाणी पिऊन फुगते, साबणासारखी होते. इतर ठिकाणचा चिखल टायर खातो आणि खाली घट्ट जमीन सापडते. काळ्या रानात खाली काही सापडत नाही, जितकं फिरवाल तितकं खाली जाल.

माझी गोष्ट सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी मला नवे मड टायर मिळाले होते आणि ते कुठंतरी दाखवायचे होते. ऑगस्ट महिना, आदल्या रात्री पाऊस. माजलगावच्या बाजूला एका पांदणीत शिरलो. शंभर फूट मजेत गेलो. मग गाडी जड व्हायला लागली. मला वाटलं इंजिन दमलं. उतरून बघतो तर टायरवर माती गुंडाळत गुंडाळत मडगार्डपर्यंत गेलेली, नक्षी कुठं दिसत नव्हती, चार काळे रूळ. आणखी थोडं रेटलं तर चाकच फिरेना, माती मडगार्डच्या आत सिमेंटसारखी ठासली होती. जॅक लावला तर चाक वर यायच्या ऐवजी जॅकच जमिनीत गेला. बांधावरून एक आजोबा बघत होते. जवळ आले, वाकून चाकाकडं बघितलं आणि म्हणाले, “बैल सुदिक घालत नसतो आम्ही यात. वाफसा तरी यू द्यायचा की राव.” मग त्यांनीच खुरपं दिलं. दीड तास खुरप्यानं चाकं उकरली. नंतर त्यांच्या पुतण्याचा ट्रॅक्टर आला, आणि मी शहाण्यासारखा तारेचा दोर बंपरला बांधला. झटका बसला, बंपर गाडी सोडून ट्रॅक्टरबरोबर गेला. सुदैवानं मधे कुणी उभं नव्हतं.

वाफसा, म्हणजे जादा ओल उतरून रान कामाजोगं होणं, तुम्हाला मी काय सांगावा, तुम्ही शेतकऱ्याचं पोर. पेरणीला जसा बघता तसाच बघा. मूठभर माती दाबा. गोळा झाला आणि कमरेएवढ्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर काढा गाडी. पडून तसाच चिकटला, किंवा बोटांत वळून लांब वात झाली, तर चहा प्या आणि घरी जा. याला दुसरंही कारण आहे. ओल्या पांदणीतून तुम्ही एकदा गेलात की दोन चाकोऱ्या पडतात, त्या वाळून दगड होतात, आणि पुढचे चार महिने तिथल्या माणसाची बैलगाडी, मोटारसायकल, शाळेत जाणारी सायकल त्यात आपटते. तुमची रविवारची मजा, त्याची रोजची वाट. दुसऱ्याच्या रानात शिरायचं असेल तर विचारून जा. बांधावरून गाडी घालू नका. शाळूच्या आणि तुरीच्या दिवसांत तर नाहीच.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपल्याकडचा खरा मोसम. मार्चनंतर वेगळे धोके : काळ्या रानाला चाक अडकेल एवढ्या भेगा पडतात, आणि माळावरचं कुसळी गवत वाळून काडेपेटी होतं. तापलेला सायलेन्सर घेऊन अशा गवतात गाडी उभी केली तर खालून पेट घेते. मोकळ्या मातीत किंवा दगडावर थांबा. पुढच्या सीटजवळ हाताला येईल असा आग विझवायचा सिलिंडर ठेवा. जुन्या जीपमध्ये वायरिंग म्हणजे चार मालकांनी चार रंगांत केलेली बेरीज असते, तेव्हा फ्यूज बॉक्स नवा बसवून घ्या आणि बॅटरी पट्टीनं घट्ट बांधा.

ओढा-नदीबद्दल थोडक्यात. वाहतं पाणी गुडघ्याला लागलं की परत फिरायचं. पुलावरून पाणी जात असेल तर गुडघ्याचाही हिशेब नाही, थांबायचंच. २०२५ च्या सप्टेंबरात सीनेनं परंड्याकडं काय केलं ते तुम्हाला आठवत असेलच. साचलेलं पाणी असेल तर आधी कुणीतरी काठी घेऊन चालत पलीकडं जाऊन या. डिझेलला स्पार्क प्लग नाही म्हणून ती पाण्यात चालते, हे अर्धं खरं. एअर फिल्टरमधून पाणी आत गेलं तर सिलिंडरमध्ये ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आणखी एक बारीक काम स्वस्तात होतं : हौसिंगच्या ब्रीदरला (हवेच्या भोकाला) रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच नेऊन बांधा. तापलेलं हौसिंग थंड पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून किंवा सीलमधून पाणी ओढते. नळी वर असली की हवा ओढेल. पाण्यातून निघाल्यावर थोडं अंतर ब्रेकवर हलका पाय ठेवून चालवा, ड्रम वाळतात.

विंच नको. तुमच्या पैशात येणारी विंच मोक्याला दगा देते, आणि चांगली विंच घेतलीत तर पुढचे पाटे बसतील. त्याऐवजी गाडीच्या चासीला पुढं एक आणि मागं एक असे मजबूत हुक बोल्टनं बसवून घ्या, चांगला ओढपट्टा आणि दोन डी-शॅकल घ्या. ओढताना पट्ट्यावर ओलं पोतं किंवा घोंगडी टाका, तुटलाच तर उडत नाही. बघ्यांना पट्ट्याच्या दीडपट अंतरावर हाकला. ट्रॅक्टरवाल्याला आधीच सांगा की झटका द्यायचा नाही, पट्टा ताणला की मग हळू घ्यायचं. तो ‘हो हो’ म्हणेल आणि झटकाच देईल, म्हणून दोनदा सांगा. बाटली जॅक, त्याच्याखाली ठेवायला दोन इंच जाड फळी, फावडं, पहार, खुरपं, वीस लिटर पाणी. खुरपं विसरू नका.

लोखंडी बंपर आणि बुल बार सोडा. बुल बारवर कारवाई करायला केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना सांगितलंय. कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच ठामपणे सांगितलं. पकडले गेलात तर दंड, आणि अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट तिथंच ठेवते. त्याहून महत्त्वाचं, तुमची आरसी काढून बघा. १९९६ ची गाडी, पहिली पंधरा वर्षं २०११ ला संपली, त्यानंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी : २०१६, २०२१ आणि २०२६. मागच्या मालकानं एखादी बुडवलेली नाही ना? चासी नंबर, इंजिन नंबर आरसीशी जुळतात का? इंजिन बदललेलं निघालं तर बाकीचा खर्च करायच्या आधी आरटीओत ते निस्तरा. चार इंच उचललेली जीप तिथं तपासणीला उभी करायची वेळ आली, तर अधिकारी काय म्हणेल ते मी लिहीत नाही.

एलईडी बारची गरज नाही, रात्री डोंगरात जाऊच नका.

पैशांचं असं करा : निम्मे पैसे स्टिअरिंग, बेअरिंग, ब्रेक आणि पाट्यांवर. त्यानंतर रेडिएटर, ऑइल आणि वायरिंग. मग टायर. उरलं तर सीट बेल्ट, पुढच्या दोन्ही सीटना आणि नीट चासीला धरून बसवलेले. मागच्या आडव्या बाकांवर मित्रांना बसवून डोंगर चढू नका, त्यांना दुसऱ्या गाडीत येऊ द्या. दुसरी गाडी तशीही हवीच, एकट्या गाडीनं जायचं नसतं.

कुठं जायचं, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी एक सांगतो. नायगावचं मयूर अभयारण्य, येडशीचा रामलिंग घाट, कन्नडचं गौताळा-औट्रमघाट, जायकवाडीचा पक्ष्यांचा पट्टा, ही सगळी अभयारण्यं आहेत. तिथं ठरलेल्या रस्त्याखाली चाक उतरवायचं नाही. किल्ल्यांच्या आवारातही नाही. एवढं वगळूनही तुमच्या घरापासून तीस किलोमीटरच्या आत एक हिवाळा पुरेल इतक्या गाडीवाटा आहेत.

पहिला महिना स्वतःच्या शेताच्या वाटेवरच जा. लो गिअर, पहिला, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून गाडी कशी आपली आपण चालते ते बघा. उतारावर क्लच दाबायचा नाही, इंजिनलाच धरू द्यायचं. चढ सरळ चढायचा, आडवा कापायचा नाही. चढावर बंद पडली तर ब्रेक दाबून धरा, रिव्हर्स टाका, क्लच सोडा, आणि गिअरमध्येच स्टार्टर मारून सरळ रेषेत मागं या. वळवायचा मोह झाला की आईंचं वाक्य आठवा.

आणि पहिल्या फेरीला शेजारी वडिलांना घ्या. या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही. पुढचं चाक दगडावर चढलं की स्टिअरिंग हातात फटकन फिरतं, आणि अंगठा आरीत असेल तर मोडतो. म्हणून अंगठे चक्राच्या बाहेर, कडेवर टेकवून ठेवायचे. मी हे लिहून तुम्ही शिकाल असं नाही. एकदा वडिलांना स्टिअरिंगवर बसवा आणि काही न बोलता त्यांच्या हातांकडं बघा.

थरथर शेवटी कशात निघाली, ते कळवा.